मोबाईल काढून घेतला म्हणजे छळ थांबत नाही

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाचकपत्रांच्या सदरात गेले काही आठवडे तरुणांच्या मोबाईलवेडाची चर्चा चालू आहे. पत्रे कळकळीने लिहिलेली आहेत यात शंका नाही. पण बहुतेकांचा सूर असा की, पोरे दिवसरात्र फोनला चिकटलेली असतात, त्यांना शिस्त उरलेली नाही आणि घरच्यांनी वेळीच फोन काढून घेतला तर सगळे ताळ्यावर येईल. मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या तालुक्याच्या एका गावी महाविद्यालयात ग्रंथपाल होते आणि निवृत्तीनंतर तिथल्याच सार्वजनिक वाचनालयाची अभ्यासिका सांभाळते. १८ ते २८ वयाची मुलेमुली तिथे पोलीस भरती, तलाठी, बँका, राज्यसेवा अशा परीक्षांच्या तयारीसाठी सकाळपासून रात्रीपर्यंत बसतात. त्यांना जवळून पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, दोन निरनिराळ्या गोष्टींची आपण एकच मोट बांधली आहे. फोनचा अतिवापर ही एक गोष्ट आणि फोनवरून होणारा छळ ही दुसरी. पहिलीत स्वतःला आवरण्याचा प्रश्न असतो. दुसरीत कोणीतरी कोणाला तरी त्रास देत असतो, आणि त्रास देणारा मोकळा राहून सोसणाऱ्याचाच फोन जप्त होत असेल, तर त्याला शिस्त म्हणता येणार नाही.

मुळात फोन काढून घेणे आता शक्यही राहिलेले नाही. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आले, डेटा स्वस्त झाला आणि बघता बघता आमच्या भागातला सगळा व्यवहार त्या पडद्यावर गेला. परीक्षेचे प्रवेशपत्र, उत्तरतालिका, सराव चाचण्या, शिष्यवृत्तीचा अर्ज हे सारे फोनवरच. एप्रिल-मे महिन्यांत हापूसच्या पेट्यांची मागणी व्हॉट्सॲपवर येते आणि पैसे यूपीआयने जमा होतात; ते हिशेब घरातला पदवीधर मुलगाच ठेवत असतो. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावी २०२२ पासून संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी टीव्ही व मोबाईल बंद राहतात, याचा दाखला एका वाचकाने दिला आहे. शाळकरी मुलांच्या अभ्यासासाठी तो उपक्रम निःसंशय चांगला आहे. आमची गावे वाड्यांत विखुरलेली, एका वाडीतला भोंगा खाडीपलीकडच्या वाडीला ऐकू जायचा नाही, ही अडचण सोडून देऊ. पण २२ वर्षांच्या मुलाचा फोन दीड तास बंद ठेवून काय साधणार? त्याच्याविषयी जे काही फिरते आहे, ते उरलेल्या साडेबावीस तासांत फिरतेच.

काय फिरते, ते एका उदाहरणाने सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. पावसाळा सरला की आमच्याकडे टेनिस बॉल क्रिकेटच्या स्पर्धा सुरू होतात. हल्ली त्या यूट्यूबवर थेट दाखवल्या जातात. मुंबई, विरार, नालासोपाऱ्यातले चाकरमानी कामावरून घरी जाताना लोकलमध्ये उभ्याने आपल्या वाडीचा सामना पाहतात. अशाच एका अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात एका मुलाच्या हातून सोपा झेल सुटला. सामना हरला, चषक गेला, त्या रात्री थोडी शिवीगाळ झाली. इथवर नवे काही नाही. नवे ते पुढे. कोणीतरी तेवढाच तुकडा कापून, संथ करून, त्याला रडके संगीत लावून वाडीच्या ग्रुपवर टाकला. दुसऱ्या दिवशी त्याच्या वाकड्या चेहऱ्याचे स्टिकर तयार झाले. एसटी चुकली, दहावीत कोणी नापास झाला, कोणाचे लग्न मोडले, काहीही बिनसले की ग्रुपवर ते स्टिकर पडू लागले. त्याच्या चुलत्यानेही ते वापरले. लग्नाच्या मांडवात लहान पोरे त्याला पाहून दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवू लागली. मुलगा आधी मैदानावर जायचा थांबला, मग बंदरावर वडिलांच्या होडीकडे जायचा थांबला, आणि अखेरीस अभ्यासिकेत कोपऱ्यातल्या टेबलाशी बसून राहू लागला. फोन तो पालथा ठेवायचा. कडेने उजेड झाला की उलटा करून बघायचा आणि पुन्हा पालथा ठेवायचा. समोरच्या पुस्तकाचे पान तासन्‌तास तेच असायचे. बाहेरून पाहणारा म्हणाला असता, याला फोनचे व्यसन लागले आहे. घरच्यांनी तेच म्हटले.

तो मुलगा फोनवर मौज करत नव्हता. आता आणखी काय आले आहे, कोणी काय लिहिले आहे, आज तरी हे थांबले आहे का, यावर तो पहारा देत बसला होता. रात्री दोनला जागा असायचा, कारण मुंबईकर मंडळी रात्रपाळीवरून येऊन ग्रुप उघडतात. मी अभ्यासिकेत पाहिलेल्या अशा बऱ्याच ‘व्यसनी’ मुलांच्या बाबतीत पुढे हाच उलगडा झाला आहे. छळ आधी, जागरण त्यामागून, अभ्यासाची वाट लागणे त्याच्या मागून, आणि घरच्यांच्या नजरेस पहिल्यांदा पडते ती मात्र हातातली ती चौकोनी वस्तू. संशोधक ऑनलाइन छळ, इंटरनेटचा अतिवापर आणि नैराश्य किंवा चिंता यांचा परस्परसंबंध सांगतात. पण संबंध दिसला म्हणून कशामुळे काय झाले हे ठरत नाही, याची जाणीवही तेच करून देतात. एकटेपणामुळे माणूस फोनकडे वळतो, फोनमुळे एकटेपणा वाढतो, आणि एकट्या पडलेल्याला टोचणारे सहज भेटतात. हे तिन्ही एकमेकांत गुंतलेले असताना एकट्या फोनवर सगळे ढकलणे सोपे आहे, पण बरोबर नाही.

‘जरा मस्करी केली तर एवढे काय बिघडले, आमच्या वेळी काय कमी चिडवत होते?’ असे विचारणारे अनेक आहेत, आणि प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. कोकणी माणसाची जीभ तिखट आहे. शिमग्यात तर नाव घेऊन फाका मारण्याची मोकळीक पूर्वापार आहे. पण त्या फाका ठरलेल्या दिवशी, समोरासमोर, सगळ्या गावाच्या कानांवर पडतात, आणि सण संपला की तोंडे मिटतात. ज्याला बोलले तोही उलट बोलू शकतो. ग्रुपवरच्या मस्करीला असा दिवस ठरलेला नाही. शालेय छळावर ज्यांचे काम जगभर प्रमाण मानले जाते ते डॅन ओल्वेउस छळाच्या तीन खुणा सांगत: इजा करण्याचा हेतू, वारंवार घडणे आणि दोन बाजूंच्या बळात तफावत. ऑनलाइन जगात यातली ‘वारंवार’ ही खूण बदलून गेली आहे. स्टिकर करणाऱ्याने ते एकदाच केले; पुढची दीडशे माणसे ते पाठवत राहिली. प्रत्येकाने एकेकदाच पाठवले म्हणून प्रत्येकाला वाटते की आपण काही केलेले नाही. ज्याच्यावर ते पडत राहते त्याला मात्र ते दीडशे वेळा पडलेले असते. बळातली तफावतही उघड आहे: एका बाजूला एक मुलगा, दुसऱ्या बाजूला आख्खी वाडी आणि तिचा मुंबईतला विस्तार.

मुलगा चिडून ग्रुपवर काही बोलला तर ‘मस्करी कळत नाही’ म्हणून त्याला ग्रुपमधून काढतात. हे वरवर क्षुल्लक दिसते; पण आमच्याकडे गणपतीची वर्गणी, ग्रामदेवतेच्या पालखीचे दिवस, कोणाच्या मयताची बातमी, पाण्याची पाळी हे सगळे त्याच ग्रुपवर कळते. त्यातून काढणे म्हणजे जवळजवळ वाळीत टाकणे झाले. वाळीत टाकल्याने माणसाचे काय होते हे कोकणाला कोणी शिकवायला नको. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली जो कायदा केला, त्यामागे रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांतल्या अशा प्रकरणांचा मोठा वाटा होता. ग्रुपमधून कोणाला काढले म्हणून तो कायदा लावा, असे मी म्हणत नाही. गावकीने केले तर ज्याला आपण क्रौर्य म्हणतो, तेच ॲडमिनने केले तर त्याला आपण तांत्रिक बाब समजतो, एवढेच नोंदवते.

मुलींच्या बाबतीत प्रकार आणखी गंभीर आणि पुष्कळ वेळा सरळसरळ गुन्ह्याचा असतो. स्नेहसंमेलनातले फोटो उचलून मुलीच्या नावाने बनावट इन्स्टाग्राम खाते काढायचे, त्यावरून ओळखीच्यांना घाणेरडे संदेश पाठवायचे, फोटोत चेहरा बदलून तो फिरवायचा, आणि मग ‘काढून टाकतो, पण भेटायला ये’ म्हणायचे. हे करणारा बहुधा परका नसतो. वर्गातला, शेजारच्या वाडीतला, कधी नात्यातलाही असतो. मुलगी घरी सांगत नाही, कारण सांगितले की काय होणार हे तिला पक्के ठाऊक असते: फोन बंद, एसटीने तालुक्याला येणे बंद, कॉलेज बंद आणि मुंबईत कळायच्या आत स्थळ बघणे सुरू. म्हणून ती पहिले काम करते ते सगळे पुसून टाकण्याचे. संदेश पुसते, आपले खाते बंद करते आणि पुरावा स्वतःच्याच हाताने नाहीसा होतो.

या एका गोष्टीसाठी आपल्या दैनिकाची थोडी जागा मागते. काहीही पुसू नये. त्या खात्याचा दुवा आणि वापरकर्त्याचे नाव उतरवून ठेवावे, तारीख-वेळ दिसेल असे स्क्रीनशॉट घ्यावेत, आणि ज्या फोनवर संदेश आले तो फोन विकू किंवा ‘रीसेट’ करू नये. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते आणि मूळ उपकरण हाताशी असले की ते काम सोपे जाते. दुसऱ्याची ओळख चोरणे व तोतयेगिरी करून फसवणे यांसाठी माहिती तंत्रज्ञान कायद्यात कलम ६६ क आणि ६६ ड आहेत, खाजगी अवयवांचे चित्र परवानगीशिवाय घेऊन पसरवण्यासाठी ६६ ई आहे, अश्लील मजकुरासाठी ६७ आणि ६७ अ आहेत. स्त्रीचा ऑनलाइन पाठलाग हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. समाजमाध्यम कंपन्यांनी असे नग्न किंवा बनावट चित्र पीडित व्यक्तीच्या तक्रारीनंतर २४ तासांत हटवावे, असे बंधन २०२१ च्या नियमांनी घातले होते; २०२६ च्या फेब्रुवारीत ती मुदत दोन तासांवर आणली गेली. १८ वर्षांवरील व्यक्तींसाठी ‘स्टॉप एनसीआयआय’ नावाची एक आंतरराष्ट्रीय सोयही आहे. तिथे फोटो कोणाकडे पाठवावा लागत नाही. आपल्याच फोनवर त्या फोटोचा एक सांकेतिक ठसा तयार होतो, फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांना जातो आणि तेच चित्र कोणी पुन्हा चढवू लागला तर ते ओळखून अडवता येते. ही माहिती आमच्याकडच्या बहुतेक मुलींना नसते. मला स्वतःला ती नोकरीत असताना नव्हती.

तक्रारीचा मार्ग कागदावर चांगला आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टल २०१९ पासून आहे आणि स्त्रिया व बालकांविषयीच्या तक्रारी तिथे नाव न देताही करता येतात. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रिया कायद्याच्या) कलम १७३ प्रमाणे हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही ठाण्यात माहिती देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची. १९३० हा क्रमांक मात्र मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. व्हिडिओ कॉलवर उघडे करून मग पैसे उकळण्याचा जो धंदा परगावचे लोक करतात, त्यात पैसे गेले असतील तर तो तात्काळ लावावा. चिडवण्या-छळण्याच्या तक्रारीसाठी तो लावून उपयोग नाही.

अडचण प्रत्यक्षात सुरू होते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७८ प्रमाणे त्या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याला करता येत नाही. किनाऱ्यावरची कित्येक लहान ठाणी सहायक पोलीस निरीक्षकांच्या हाती आहेत. त्यामुळे मुलगी धीर करून ठाण्यात पोहोचली तरी ‘हे जिल्ह्याला सायबरकडे जाईल’ हे वाक्य तिला ऐकावे लागते. मंडणगड किंवा गुहागरच्या मुलीला जिल्ह्याला जाऊन येणे म्हणजे आख्खा दिवस, घरी सांगायला एक कारण आणि सोबतीला कोणीतरी मोठे माणूस. यातले पहिले जमले तरी उरलेली दोन जमत नाहीत.

आणि समजा तेही जमले, तर ‘मिटवून टाका’ म्हणणारे दारात उभे असतात. ज्याने खाते काढले तो मुलगाही पोलीस भरतीची तयारी करत असतो. गुन्हा नोंदला गेला तर चारित्र्य पडताळणीत अडकणार, हे त्याच्या बापाला आणि मुलीच्या बापालाही ठाऊक असते. मग सरपंच, तंटामुक्तीचे कोणी, दोन्हीकडचे पाहुणे बसतात. मुलगा हात जोडतो, फोनमधले सगळ्यांसमोर पुसतो आणि चहा होतो. ती बैठक मुलीशिवाय पार पडते. मुलाचे आयुष्य नासू नये ही चिंता मला समजते, वीस वर्षांच्या पोराला कायमचे आरोपी करून टाकावे असे माझेही म्हणणे नाही. परंतु त्याच बैठकीत मुलीचे पुढचे शिक्षण चालू राहील, तिचा फोन तिच्याकडे राहील आणि तो मजकूर जिथे जिथे गेला तिथे तिथे मुलगा स्वतः खुलासा करील, एवढे तरी कोणी मांडतो का? मी अजून मांडलेले ऐकले नाही.

झेल सुटलेल्या मुलासाठी तर कायद्याचा आधार फारसा नाही. ऑनलाइन पाठलागाचे कलम स्त्रियांच्या संरक्षणासाठी आहे. बदनामीचा गुन्हा अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस आपणहून तपास करू शकत नाहीत. त्रासदायक संदेशांसाठी पूर्वी ६६ अ हे कलम होते, ते सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात रद्द केले. ते रद्द झाले हे योग्यच झाले. २०१२ साली आपल्याच कोकणातल्या पालघरमध्ये, मुंबई बंद पडल्याबद्दल फेसबुकवर साधी नाराजी व्यक्त करणाऱ्या दोन तरुणींना त्याच कलमाने अटक झाली होती. त्रास या शब्दात काहीही कोंबता येते, हे त्या वेळी दिसले. तेव्हा स्टिकरसाठी तुरुंग मागण्यात अर्थ नाही. हे काम गावाचे आणि कॉलेजचे आहे.

गावाच्या बाजूने ग्रुपच्या ॲडमिनांविषयी लिहिते. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, दोघांचा समान हेतू असल्याखेरीज, ॲडमिनला जबाबदार धरता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटले आहे. कायद्याने ते मोकळे आहेत. पण दुसऱ्याने टाकलेला संदेश सर्वांसाठी पुसण्याची कळ व्हॉट्सॲपने ॲडमिनच्या हाती दिलेली आहे, आणि आमच्या वाडी-मंडळांचे ॲडमिन हे काही अज्ञात लोक नव्हेत. मंडळाचे सचिव, माजी सरपंच, शाळेचे गुरुजी असेच असतात. राजकीय पक्षाची चित्रफीत टाकली की हेच सद्‌गृहस्थ मिनिटभरात ‘ग्रुपचे नियम पाळा’ असे लिहितात. एका पोराचे स्टिकर महिनोन्‌महिने फिरते तेव्हा त्यांची बोटे का चालत नाहीत, हे त्यांना विचारायला हवे. मंडळाच्या वार्षिक सभेत वर्गणीवर दोन तास वाद होतो; त्यातली दहा मिनिटे याला द्यावीत.

आता अतिवापराविषयी. तो अस्तित्वातच नाही असे मी म्हणत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या वर्गीकरणात, म्हणजे आयसीडी-११ मध्ये, गेमिंगच्या विकाराला स्थान आहे. खेळण्यावर ताबा न राहणे, इतर सगळ्या गोष्टींपेक्षा खेळ वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, हे साधारणपणे १२ महिने दिसले तर त्याला विकार म्हणावे असे ते सांगते. नुसता ‘मोबाईल फार बघतो’ हा त्यात आजार नाही. बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत २०१४ पासून तंत्रज्ञानाच्या आरोग्यदायी वापरासाठी स्वतंत्र सेवा चालते, यावरून खऱ्या रुग्णांची गरज खरी आहे हे कळते. आमच्याकडे पैशांवर खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांत बागेच्या करारातली आगाऊ रक्कम घालवलेली मुले मी पाहिली आहेत. २०२५ च्या ऑगस्टमध्ये केंद्राने अशा खेळांवर बंदी घालणारा कायदा केला तो त्यामुळे मला उशिराचा, पण हवासा वाटला. अशा मुलाला उपचार हवेत. रीळ बघत बसणाऱ्या बेकार पदवीधराला मात्र बहुधा काम हवे असते, आणि छळल्या जाणाऱ्याला कोणीतरी मध्ये पडायला हवे असते. तिघांनाही एकच औषध देणारा वैद्य आपण घरात ठेवला नसता.

उपचार म्हटले की आमच्याकडे पहिली आडकाठी थट्टेचीच. राज्यात जी चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत त्यांतले एक रत्नागिरीत आहे, आणि त्यामुळेच ‘याला रत्नागिरीला न्यायला पाहिजे’ हे आमच्याकडे वेड्यात काढण्याचे वाक्य होऊन बसले आहे. चिपळूण-खेडचा मुलगा नैराश्यासाठी तिथल्या बाह्यरुग्ण विभागात गेला आणि ते कोणी पाहिले, तर दुसऱ्या दिवशी त्याचेही स्टिकर व्हायचे. म्हणून फोनवर मिळणारी मदत इथे अधिक मोलाची ठरते. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. १४४१६ हा तिचा विनामूल्य क्रमांक अहोरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येते. अभ्यासिकेत मी तो लावला तेव्हा मुले त्याकडे पाहून हसली. मग तो प्रसाधनगृहाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावला. तिथे तो कोणी फाडला नाही आणि उतरून घेताना कोणी पाहतही नाही.

कॉलेजांची गोष्ट वेगळी आहे, कारण त्यांच्यावर आता बंधन आहे. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी सुकदेब साहा प्रकरणात विद्यार्थ्यांच्या मानसिक स्वास्थ्यासाठी देशभरातल्या शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा, लहान संस्थांनी बाहेरच्या तज्ज्ञांशी रीतसर जोडून घ्यावे, आणि कर्मचाऱ्यांना वर्षातून किमान दोनदा प्रशिक्षण द्यावे, असे त्यात आहे. ही तत्त्वे खाजगी शिकवण्यांनाही लागू आहेत. आमच्या भागात शंभरपेक्षा कमी विद्यार्थी असलेले वरिष्ठ महाविद्यालय शोधूनच काढावे लागेल. तरीही समुपदेशक कोण, असे विचारले की मानसशास्त्राच्या किंवा तो विषय नसेल तर गृहशास्त्राच्या प्राध्यापिकेचे नाव पुढे येते. समितीची पाटी असते, मूल्यांकनाच्या फाइलमध्ये इतिवृत्तही असते. ज्या बाईंनी उद्या अंतर्गत गुण द्यायचे त्यांच्यापुढे जाऊन मुलगी आपल्या बनावट फोटोविषयी बोलेल, अशी अपेक्षा करणाऱ्यांनी कधी विद्यार्थी असल्याचे आठवून पाहावे. दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून एक प्रशिक्षित व्यक्ती ठेवली, ती प्रत्येक ठिकाणी ठरलेल्या वारी आली आणि तिचा दरवाजा प्राचार्यांच्या दालनासमोर नसला, तर खर्चही आवाक्यात राहील.

पोलीस खात्याकडे एकच मागणी आहे. जिल्ह्याच्या सायबर विभागातले निरीक्षक आणि एक महिला अधिकारी यांनी महिन्यातून एक दिवस प्रत्येक तालुक्याला बसावे, शक्यतो ठाण्याबाहेर, आणि तो दिवस आधी जाहीर करावा. आधार दुरुस्तीची शिबिरे ज्या नियमाने होतात त्याच नियमाने हेही होऊ शकते.

शेवटी दोन शब्द आपल्याविषयी, राग मानू नये. स्थानिक बातम्यांची समाजमाध्यमांवरची पाने, त्यांत काही वृत्तपत्रांचीही आली, ‘व्हायरल’ या मथळ्याखाली अशाच चित्रफिती पुन्हा चालवतात आणि खाली येणाऱ्या शेऱ्यांकडे कोणाचे लक्ष नसते. तरुणाने जीव दिल्याची बातमी ‘मोबाईल न दिल्याने’ असा मथळा देऊन छापली जाते. इतक्या गुंतागुंतीच्या गोष्टीला एका कारणात बसवू नये, पद्धतीचे वर्णन करू नये आणि मदतीचा क्रमांक द्यावा, हे भारतीय वृत्तपत्र परिषदेने २०१९ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट आहे. आपल्या दैनिकात हे पथ्य बहुतेक वेळा पाळले जाते. पुरवणीच्या पानावर आणि इंटरनेट आवृत्तीतही ते पाळले जावे. जूनमध्ये महाविद्यालये सुरू होतील तेव्हा रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या प्रत्येक महाविद्यालयाला आपल्या वार्ताहरांनी एवढेच विचारावे की, तुमचा समुपदेशक कोण, तो कोणत्या वारी येतो आणि कोणत्या खोलीत बसतो. आलेली उत्तरे, आणि न आलेलीही, महाविद्यालयाच्या नावासह एका पानावर छापावीत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त ग्रंथपाल, जि. रत्नागिरी
(नाव व पत्ता संपादकांकडे)